बागांमधला सांकेतिक ट्रेझर हंट : कोडं किती अवघड असावं?

पाऊलखुणा

मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या वाचनगटाने या वेळी खोलीत न बसता जवळजवळच्या तीन बागांमधून ट्रेझर हंट करायचं ठरवलंय. "लाल बाकाखाली बघा" छापाच्या चिठ्ठ्या नकोत. प्रत्येक टप्प्यावर एक सांकेतिक मजकूर फोडायचा आणि त्यातून पुढची जागा कळायची. आठ वर्षांच्या मुलांपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत सगळे असणार, चार-पाच जणांचे मिश्र गट.

सोपं ठेवलं तर मोठी मुलं धावत शेवटापर्यंत पोचतील, अवघड ठेवलं तर लहानगे कंटाळून घसरगुंडी गाठतील. शिवाय फोन आहेच. चिठ्ठीचा फोटो काढला की उत्तर तयार.

माझं मत सांगते. बागेत जायचं तर कोडं बागेकडे नीट बघितल्याशिवाय सुटता कामा नये. नाहीतर घरी सतरंजीवर बसूनही तेच करता येईल. कोणी असं काही रचलंय का? सगळे संकेत मराठीत हवेत.

भटकंती

वाचनखूण साठवली. आमच्या इमारतीतली मुलं कधीपासून मागे लागली आहेत.

खडूफळा

सुरुवात सीझरच्या संकेताने करा. ज्युलियस सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवून लिहायचा. देवनागरीत व्यंजनं सरकवायची, काना-मात्रा जागच्या जागी ठेवायच्या. म्हणजे बाक होतो "याघ", झाड होतं "ठात" आणि कारंजे होतं "घाशंटे". वर्गात फळ्यावर "घाशंटे" लिहिलं की मुलं आधी पोट धरून हसतात आणि मग फोडायला बसतात. किती घरं सरकवायची तो आकडा बागेत दडवा: फाटकाच्या कमानीवर किती चांदण्या आहेत, कारंज्याला किती तोंडं आहेत. तुमची अटही पाळली जाते.

विसर्ग

खडूफळा सर, कल्पना छान आहे, पण मराठीत तिला एक खोच आहे. "पुलाखाली" तीन घरं सरकवून बघा. "भुषाङाषी" होतं. ङ आणि ञ आले की आठ वर्षांचं मूल अडतं, कारण ही अक्षरं त्याने तक्त्याबाहेर कधी पाहिलेलीच नसतात. दुसरं म्हणजे मात्रा उघड्या राहतात. शेवटी "-आ-ई" दिसलं की मोठी माणसं "खाली" ओळखतात आणि उरलेलं अंदाजाने भरतात. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजून संकेत फोडायची रीत लिहून ठेवली. इथे तर मोजायचीही गरज नाही.

त्याऐवजी हे बघा. पोलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एक चौकोन सांगितला: अक्षरं पाच ओळी, पाच रकान्यांत मांडायची आणि प्रत्येक अक्षर ओळ व रकाना या दोन आकड्यांनी, मशाली दाखवून कळवायचं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्या पंचवीस घरांत मावत नाहीत, म्हणून सहसा आय आणि जे एकाच घरात कोंबतात. आपल्याला काहीच कोंबावं लागत नाही. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, प्रत्येकी पाच अक्षरं. चौकोन तयारच आहे! सहाव्या ओळीत य र ल व श, सातव्या ओळीत ष स ह ळ.

मात्रेसाठी तिसरा आकडा, बाराखडीतला क्रमांक. क एक, का दोन, कि तीन, असं कः पर्यंत बारा. मग बाक = ५-३-२, १-१-१. पूल = ५-१-६, ६-३-१. आजोबा बाराखडी म्हणतात, नातू बोटं मोजतो, आणि गट आपोआप जमतो.

चौकस

जोडाक्षरांचं काय?

विसर्ग

पाय मोडलेल्या अक्षराला शून्य. "रस्ता" = ६-२-१, ७-२-०, ४-१-२.

चौकस

आणि "झेंडा"? मात्राही आहे, अनुस्वारही आहे.

विसर्ग

मात्राही असेल तर अनुस्वार फोडून लिहायचा, झेन्डा. २-४-७, ४-५-०, ३-३-२. झेण्डा असा परसवर्णाचा आग्रह धरणारे मला माफ करतील, खेळात 'न' चालून जातो.

रानवाट

पाऊलखुणा ताई, बागेकडे बघितल्याशिवाय सुटू नये हे तुमचं वाक्य मला फार आवडलं. माझं सगळं म्हणणं त्याच्याच पुढचं आहे.

बागेत खिळे ठोकायचे नाहीत, सालीवर काही लिहायचं नाही, फांदीला तार आवळायची नाही आणि काहीही पुरायचं नाही. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. आयोजक हळुवारपणे पुरतात, पण शोधणाऱ्या गटाला जागा नक्की ठाऊक नसते. ते दहा ठिकाणी उकरतात आणि वरच्या थरातली बारीक मुळं तुटतात. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचा खेळ, त्याच्या नियमांतही डबा पुरायला सहसा मनाई आहे.

कोडं झाडावर लावण्याऐवजी झाडालाच किल्ली करा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? समोरासमोर असतील तर टिंब, एकाआड एक असतील तर रेघ. पानाची कड सरळ आहे की दातेरी? साल गुळगुळीत आहे की भेगाळलेली? अशा पाच झाडांपाशी मुलांना उभं केलं की पाच खुणा मिळतात. मोर्स या टिंब-रेघांच्या तारेच्या लिपीत प्रत्येक अंकाला नेमक्या पाचच खुणा असतात, म्हणजे पाच झाडांत एक अंक. लिपी कुठलीही असो, अंक चालतोच. पान समोरासमोर आहे की नाही हे पाहायला मुलाला फांदीखाली जाऊन मान वर करून उभं राहावं लागतं, आणि डहाळीचा शेंडा सोडून मधल्या पेरावर बघावं लागतं, कारण शेंड्याला पानं इतकी दाटीने येतात की फसायला होतं. एकदा असं बघितलेलं मूल त्या झाडाला विसरत नाही.

खडूफळा

रानवाट, पाच झाडं मोर्सच्या क्रमाने कुठून मिळणार? १ म्हणजे टिंब आणि चार रेघा. तशीच झाडं ओळीने लागतात थोडीच.

रानवाट

झाडं ओळीत नसतात, क्रम आपण ठरवायचा. नकाशावर झाडांना आकडे द्यायचे आणि त्या क्रमाने फिरवायचं. उलट बरंच आहे, बाग आडवी-उभी पालथी घातली जाते.

जुनापुराणा

पुरण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९७९ साली किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराने सोन्याचा रत्नजडित ससा घडवून एका उद्यानात पुरला आणि त्याचा ठावठिकाणा आपल्या चित्रांत दडवला. चित्रातल्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या डोळ्यांपासून त्यांच्या सर्वांत लांब बोटापर्यंत रेघ काढून पुढे न्यायची. चौकटीतल्या ज्या अक्षराला ती टेकेल ते घ्यायचं. जागा होती इंग्लंडमधल्या अँपथिलच्या उद्यानात, कॅथरिन राणीच्या स्मारकस्तंभाजवळ. विषुवदिनी भर दुपारी स्तंभाच्या सावलीचं टोक जिथे पडेल तिथे.

मग लोकांनी देशभर भलत्याच जागी खड्डे खणले. एका टेकडीवर तर "ससा इथे नाही" असा फलक लावायची वेळ आली. १९८२ मध्ये ससा मिळाला, पण ज्याला मिळाला त्याने कोडं सोडवलंच नव्हतं. चित्रकाराच्या पूर्वीच्या मैत्रिणीकडून त्याला जागेचा सुगावा लागला होता. हे उघड झालं १९८८ मध्ये. ज्या दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कोडं खरोखर फोडलं, ते योग्य जागी पोचूनही रिकाम्या हाताने परतले.

त्या दोघांबद्दल मला अजून वाईट वाटतं. पण कोडं मात्र अव्वल होतं. सूर्य, स्तंभ आणि तारीख, तिन्ही एकत्र आल्याशिवाय उत्तर नाही. घरबसल्या जागा काढता येते, बोट ठेवायला मात्र तिथेच जावं लागतं.

चौकस

म्हणजे धडा असा की आयोजकाने मैत्रिणीला सोबत नेऊ नये. :)

भटकंती

किंवा मैत्रिणीशी भांडू नये!

सूर्यफूल

सावलीचं कोडं करणाऱ्यांसाठी: "दुपारी बारा वाजता" असं लिहू नका. घड्याळातले बारा आणि सूर्य सर्वांत वर येण्याची वेळ क्वचितच जुळतात. प्रमाणवेळेमुळे फरक पडतोच, शिवाय वर्षभरात तो सरकत राहतो. "सावली सर्वांत आखूड असते तेव्हा" असं लिहा आणि खांबाजवळ मुलांना खडूने दर थोड्या वेळाने सावलीचं टोक नोंदवू द्या. ढग आले तर दुसरी वाट तयार ठेवा.

टिपणवही

फोनबद्दल माझं मत वेगळं आहे. बंदी घातली की मुलं खिशातून चोरून बघतात आणि मोठे पहारा देत बसतात. फोन खुशाल वापरू द्या, फक्त फोनला दिसणार नाही असं काहीतरी किल्लीत ठेवा. चिठ्ठीवर नुसते आकडे आणि त्यांचा अर्थ लावणारी वस्तू बागेत. जुनी खात्रीची पद्धत: बागेच्या नियमफलकालाच पुस्तक माना. ४-२ म्हणजे चौथ्या ओळीतला दुसरा शब्द. "फुले तोडू नयेत" मधून "फुले" उचलायचा, "पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही" मधून "प्रवेश". फलक वाचून घ्यायची याहून चांगली युक्ती नाही!

माळीबुवा

मी बागकामात आहे, म्हणून तुमच्या सगळ्यांच्या किल्ल्यांबद्दल बोलतो.

फलक रंगवले जातात, ओळी बदलतात. बाक हलवतात. कुंपणाच्या सळ्या बदलतात. फुलांचे ताटवे हंगामाबरोबर जातात, त्यामुळे "लाल फुलं मोजा" हे कोडं एका पावसातच खोटं ठरतं. पाण्याची टाकी, पुलाच्या कमानी, मोठ्या दगडी पायऱ्या, जुनं झाड, कोनशिलेवरचं साल, या गोष्टी टिकतात. किल्ली त्यांच्यात ठेवा आणि खेळाच्या दिवशी सकाळी एकाने सगळा मार्ग चालून यावा. आदल्या दिवशी बघितलं होतं हे पुरत नाही, आमचं काम पहाटे सुरू होतं.

आणि परवानगी लेखी घ्या, पहारेकऱ्याला आणि माळ्यांना आधी सांगा. झुडपात ठेवलेला बंद डबा आम्हाला दिसला तर आम्ही तो उचलणारच, किंवा पोलिसांना बोलावणार. बेवारस वस्तू म्हटल्यावर दुसरं काय करणार? डबा पारदर्शक असावा, त्यावर खेळाचं नाव आणि जबाबदार माणसाचा नंबर ठळक लिहिलेला असावा.

रानवाट

माळीबुवांच्या प्रतिसादाला +१००. पायऱ्या मोजणं फार गोड कोडं आहे, कारण पहिली पायरी धरायची की नाही यावर गटात हमखास भांडण होतं.

खडूफळा

म्हणूनच पडताळा हवा. साखळीत एक आकडा चुकला की पुढचं सगळं भलतीकडे जातं आणि गटाला ते कळतसुद्धा नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लिहा: "उत्तरातले सगळे अंक मिळवल्यावर १७ यायला हवेत." आपलं चुकलंय हे मुलांना जागेवरच कळतं आणि ती परत पायऱ्या मोजायला पळतात.

गंधर्वरेघ

आकड्यांचाच विषय आहे तर कटपयादी, म्हणजे अक्षरांना अंक देण्याची आपली जुनी पद्धत, विसरू नका. क ट प य = १, ख ठ फ र = २, ग ड ब ल = ३, घ ढ भ व = ४, ङ ण म श = ५, च त ष = ६, छ थ स = ७, ज द ह = ८, झ ध = ९, ञ न = ०. मात्रांना किंमत नाही, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांची, म्हणजे मूळ रागांची, नावं अशीच बांधली आहेत, पहिल्या दोन अक्षरांतून क्रमांक निघतो. मेचकल्याणी: म ५, च ६, उलट वाचून ६५, आणि तो खरोखर पासष्टावा मेळ. धीरशंकराभरण: ध ९, र २, म्हणजे २९. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सगळी यादी तपासल्याशिवाय झोप आली नाही.

खेळात हे दोन्ही बाजूंनी चालतं. शब्द द्या, आकडा काढू द्या: झाड म्हणजे ३९, बाक म्हणजे १३. "झाडापासून बाक पावलं" असं लिहिलं की वाक्य वेड्यासारखं दिसतं, पण किल्ली हातात आली की कळतं, एकोणचाळीस क्रमांकाच्या झाडापासून तेरा पावलं.

विसर्ग

वा! यात मात्रांना किंमत नाही हे रचणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. १३ साठी बाक, बोका, बूक, काहीही चालेल, हवा तो शब्द बसवा. अवांतर: प्राचीन चौसष्ट कलांच्या यादीत "म्लेच्छितविकल्प" आहे, सांकेतिक लेखनाची कला. गाणं, नृत्य, माळा गुंफणं यांच्याच पंगतीत.

भटकंती

पावलं कोणाची? आठ वर्षांच्या मुलीची तेरा आणि तिच्या बाबांची तेरा यांत एक अख्खा बाक मावतो.

गंधर्वरेघ

हाहा, खरंय. गटातल्या सर्वांत लहान सदस्याची, असं लिहून टाका. धाकट्यांना महत्त्वाचं कामही मिळतं.

शांतकुटी

एक विनंती. आमच्या घरी एक दृष्टिहीन व्यक्ती आहे आणि अशा खेळांत तिच्या वाट्याला नुसती सोबत येते. एखादा टप्पा ब्रेलमध्ये ठेवा ना. सहा ठिपक्यांची ती पद्धत आहे, आणि भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये मराठी लिहिता येतं. जाड कागदावर मागून टोचा मारून ठिपके उठवता येतात, फक्त मागून टोचताना मजकूर आरशातल्यासारखा उलटा टोचायचा हे लक्षात ठेवा. डोळस गटांना ठिपक्यांचा तक्ता द्या. तिच्या गटाला तक्ता लागणारच नाही, आणि निदान एका टप्प्यावर सगळे तिच्याकडे धावतील.

चाकाच्या खुर्चीवरचं कोणी असेल तर खूण बसलेल्या हाताच्या उंचीवर ठेवा आणि जागा फरसबंद वाटेलगत असू द्या.

माळीबुवा

शांतकुटी, झाडांच्या साली हाताने ओळखण्याचा टप्पाही त्यांना जमेल. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, नुसत्या हाताने झाड सांगतात. काटेरी झाडं तेवढी आधी वगळा.

टिपणवही

खजिन्यात काय ठेवणार आहात? मिठाया-खेळण्यांपेक्षा मला ब्रिटिश लेटरबॉक्सिंगची रीत आवडते. १८५४ मध्ये डार्टमूरवर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम तळ्याकाठी बाटली ठेवली, तिथवर पोचणारे लोक त्यात आपलं कार्ड टाकायचे. पुढे त्याचा छंद झाला. डब्यात रबरी शिक्का आणि वही असते. त्यांचा शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का त्यांच्या वहीत. जीपीएसवाले जिओकॅशिंग खूप नंतरचं, मे २००० मधलं. अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट काढून टाकली आणि दोन-एक दिवसांतच ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला.

खोडरबरावर मुलांनी स्वतः शिक्के कोरायचे. प्रत्येक टप्प्यावर शिक्का उमटवून घ्यायचा, म्हणजे टप्पा चुकवून पुढे पळताही येत नाही.

पाऊलखुणा

तुम्ही सगळ्यांनी भरभरून दिलंत. शिक्के नक्की. ब्रेलचा टप्पा नक्की, शांतकुटी, आणि तुमच्या घरच्यांना जमणार असेल तर तपासायला आधी त्यांच्याकडे पाठवते.

पण माझा पहिला प्रश्न अजून उभा आहे. अवघड किती?

खडूफळा

माझ्या मते शेवटचा टप्पा खरोखर अवघड असू द्या. मुलांना कमी लेखू नका. दोनदा हरलेलं मूल तिसऱ्यांदा फोडतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी हा उपद्व्याप.

भटकंती

सर, वर्गात ठीक. उन्हात तहानलेला सहा वर्षांचा भाऊ कडेवर असताना नाही.

रानवाट

दोघांचं जमवता येतं. साखळी नकोच. एका मागे एक टप्पे ठेवले की एक गट अडकला की संपलाच, आणि बाकीचे त्याच्या मागे लोंबकळत पुढची जागा बघून घेतात. त्याऐवजी पाच-सहा कोडी सुटी ठेवा, कुठल्याही क्रमाने सोडवता येतील अशी. प्रत्येकातून एकच अक्षर मिळावं. काही लहानांना जमतील, काही मोठ्यांना. शेवटी सगळी अक्षरं मिळून जागेचं नाव. एखादं अक्षर नाही मिळालं तरी उरलेल्यांवरून ओळखता येतं. वाटा वेगळ्या झाल्यामुळे गर्दीही एका झाडाखाली जमत नाही, मुळांना आराम.

माळीबुवा

आणि बंद पाकिटात एक सूचक इशारा प्रत्येक टप्प्यावर. उघडला तर एक शिक्का कमी. बहुतेक गट तो उघडत नाहीत, पण जवळ आहे म्हणून धीर राहतो.

खडूफळा

सुट्या कोड्यांची कल्पना मान्य. शेवटचं तरी अवघड ठेवा, एवढाच माझा हट्ट.

पाऊलखुणा

सुटी कोडी, शेवटी एकत्र. ठरलं. सर, तुमचा हट्ट मान्य, शेवटचा टप्पा कटपयादी आणि विसर्गांचा चौकोन मिळून. तक्ता त्या दिवशी छापून देणार नाही, वर्णमाला ज्याची त्याने मनात मांडायची.

खेळाच्या आदल्या रविवारी मार्ग चालून बघणार आहोत. येणाऱ्यांसाठी भेटण्याची जागा:

५-४-७, ३-१-६, १-१-२, ६-२-११, २-३-०, ६-१-२, ५-१-२, ६-५-४

चौकस

सुटलं! कारंजी दोन असतील तर कुठल्या?

पाऊलखुणा

ज्याला तोंडं जास्त आहेत त्या. मोजून घ्या.